एवढी वर्षं राहिलाय, आता तरी कायम करतील का?

बेळगावच्या कोर्टाजवळ बसून अर्ज टाइप करणं, प्रतिज्ञापत्रं लिहून देणं, कानडी-मराठी दाखल्यांचं इंग्रजी करून देणं हे माझं रोजचं काम. मध्यंतरी खानापूरकडची एक मावशी आली. कापडी पिशवीत कागद, कागदांना रबर बँड. मुलगा अमेरिकेत. २००४ साली टुरिस्ट व्हिसावर गेला तो परत आला नाही. हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. तिथेच लग्न झालं, तिथेच मुलगी झाली. व्हिसाची मुदत केव्हाच संपली. मावशींनी खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, "एवढी वर्सं झाली की ओ. आता तरी त्याला कायम करतील का न्हाई?"

हा प्रश्न मला नवीन नाही. आखातात अडकलेल्या पोरांचे वडील विचारतात, लंडनकडे गेलेल्या बहिणीचा भाऊ विचारतो. शब्द वेगळे असतात, मनातला हिशेब एकच असतो: जितकी वर्षं, तितका हक्क. हंगामी कामगार काही वर्षांनी कायम होतो, तसं. हा हिशेब बहुतेक देशांत चुकतो. मग माणूस भलत्याच वेळी अर्ज करतो, नाहीतर भलत्याच वेळी विमानात बसतो. मी वकील नाही, आणि अर्ज भरण्याआधी त्या देशातल्या वकिलाला गाठायचंच आहे. पण त्या वकिलाला काय विचारायचं, एवढं तरी इथल्या घरच्यांना कळायला हवं.

आपल्याकडे हे समजायला कुळाच्या जमिनीसारखं दुसरं उदाहरण नाही. कर्नाटकात १ मार्च १९७४ रोजी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याला ती मिळण्याची वाट कायद्याने मोकळी केली. पण नुसतं कसत होता म्हणून कुणाचं नाव उताऱ्यावर चढलं नाही. सात नंबरचा फॉर्म भरावा लागला. तो मुदतीत भरावा लागला. मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली आणि मग बंद झाली. शिवाय आपण खरंच कूळ होतो, याचा पुरावा लँड ट्रिब्युनलपुढे मांडावा लागला. दोन पिढ्या घाम गाळलेली काही घरं फॉर्म राहिला म्हणून तशीच राहिली, हे सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळं सांगायला नको. वर्षं होतीच. पण हक्क उभा राहिला तो तारीख, फॉर्म आणि पुरावा या तिन्ही गोष्टी जुळल्या तिथेच.

परदेशातल्या बिनकागदाच्या माणसाचंही तसंच आहे. अमेरिकेने १९८६ साली, रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, मोठी माफी दिली. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून जे तिथे राहत होते ते, आणि शेतात मजुरी केलेले काही जण, यांना अर्ज करता आला. मुख्य अर्जाची मुदत होती मे १९८७ ते मे १९८८. सुमारे २७ लाख लोक त्यातून कायम झाले. एवढी मोठी सर्वसाधारण माफी त्यानंतर अमेरिकेने पुन्हा दिलेली नाही. नुसत्या दीर्घ मुक्कामावर कायम होण्याचं एक कलम तिथल्या कायद्यात आजही आहे, पण त्यातली तारीख आहे १ जानेवारी १९७२. त्या दिवसाच्या आधीपासून जो राहतोय, त्याच्यासाठीच ते. मावशींचा मुलगा आला २००४ साली. म्हणजे त्याची एवढी वर्षं या कलमात एका दिवसाइतकीसुद्धा धरली जात नाहीत. हे मावशींना सांगताना माझाच घसा कोरडा पडला होता.

पण मग वाटच नाही का? आहे. ती कळायला आधी पायऱ्या वेगळ्या करून बघायला हव्यात. पहिली पायरी मुदतीच्या परवान्याची, म्हणजे अमुक वर्षं राहा आणि काम करा. दुसरी कायम रहिवासाची. अमेरिकेत तिलाच ग्रीन कार्ड म्हणतात. तिसरी नागरिकत्वाची, म्हणजे मतदान आणि त्या देशाचा पासपोर्ट. आपल्याकडे लोक या तिन्हींना सरसकट 'सिटिझनशिप' म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. बिनकागदाचा माणूस एकदम तिसऱ्या पायरीवर जवळजवळ कुठेच जात नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नागरिक जोडीदाराबरोबर राहत असेल तर तीन वर्षांनी.

अमेरिकेच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारतो तो 'किती वर्षं झाली' हा नसतो. 'आत कसा शिरला' हा असतो. विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट बघून, शिक्का मारून आत घेतलं असेल, तर तो माणूस एका रांगेत. डंकी मारून, मेक्सिकोची हद्द रात्री ओलांडून शिरला असेल, तर तो दुसऱ्या रांगेत. दोघांकडे आज कागद नाहीत, दोघे एकाच भटारखान्यात शेजारी उभे राहून कांदा चिरत असतील, पण कायद्याला दोघं वेगळे दिसतात. शिक्का घेऊन आत गेलेल्याचा व्हिसा संपला, त्याने परवान्याशिवाय काम केलं, तरी अमेरिकन नागरिक असलेली बायको किंवा नवरा, किंवा २१ वर्षं पूर्ण झालेलं अमेरिकन नागरिक मूल त्याच्यासाठी अर्ज करू शकतं. आणि तो माणूस देश न सोडता तिथेच बसून ग्रीन कार्ड मागू शकतो. ही सवलत अगदी जवळच्या नात्यापुरतीच. भावाने अर्ज केला तर ती मिळत नाही. शिवाय भावंडांची रांग भारतीयांसाठी पंधरा वर्षांहून लांब आहे. हद्द ओलांडून शिरलेल्याला मात्र बायको अमेरिकन असली तरी सहसा तिथे बसून हे करता येत नाही. त्याला अर्जासाठी देशाबाहेर यावं लागतं, आणि बाहेर पाऊल पडलं की पुढचा फास आवळतो.

तो फास नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. अमेरिकेत कागदाविना १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहून जो बाहेर पडतो, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला असेल तर दहा वर्षं. ही बंदी तिथे राहताना लागत नाही. देश सोडला की लागते. मावशींचे यजमान वारले तेव्हा मुलगा दिवसकार्याला येऊ शकला नाही. भावकीत बरंच बोललं गेलं, पोरगं निबर झालं म्हणाले. तो आला असता तर पुढची दहा वर्षं बायको आणि लेक एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला, असं झालं असतं. मी हे समजावलं तेव्हा मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे त्यानं मला कधी सांगितलं न्हाई ओ."

या बंदीतून माफी मागण्याचीही सोय आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा आईवडिलांना फार मोठा त्रास होईल, हे त्यासाठी दाखवावं लागतं. दुसरी एक वाट दहा वर्षांची आहे आणि 'दहा वर्षं झाली की मिळतं' ही जी आवई उठते ती हिच्यामुळे. ही मागणी फक्त देशाबाहेर काढण्याचा खटला चालू असताना, न्यायाधीशापुढेच करता येते. दहा वर्षांचा मुक्काम आणि चांगली वर्तणूक पुरत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आईवडील किंवा मूल यांच्यावर अगदी असाधारण संकट ओढवेल, हेही पटवावं लागतं. आणि असे ग्रीन कार्ड वर्षाला ४,००० च्या मर्यादेतच मिळतात. केवळ ही वाट मिळावी म्हणून स्वतःहून खटला ओढवून घ्या, असं एखादा एजंट सांगत असेल तर त्याच्या दारातून उठून या. तसंच, कुठलाही अर्ज फेटाळला गेला तर माणूस सरकारच्या नजरेत आलेला असतो आणि बाहेर काढण्याची नोटीस लागू शकते. म्हणून वकील आधी, अर्ज नंतर.

दोन चुका मात्र आयुष्यभर भोवतात. कागदासाठी केलेलं खोटं लग्न ही एक. पकडलं गेलं तर पुढे खऱ्या नात्यातून केलेला अर्जही मंजूर होत नाही. आणि नोकरीच्या फॉर्मवर 'मी अमेरिकन नागरिक आहे' या चौकटीत केलेली खूण ही दुसरी. काम मिळावं म्हणून पोरं ती सहज करून टाकतात. त्या एका खुणेने ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते.

इंग्लंडमध्ये वर्षांना खरंच किंमत आहे, पण ती वर्षं ऐकून छाती दडपते. सलग २० वर्षं राहिल्याचा पुरावा दिला तर परवाना मिळू शकतो, आणि तोही कायमचा नाही, ३० महिन्यांचा. तो पुन्हा पुन्हा नूतन करत दहा वर्षं काढली की कायम रहिवासाचा अर्ज. म्हणजे विशीत गेलेला पोरगा पन्नाशीत कायम. नियम आणखी कडक करण्याचे प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२५ साली मांडले, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम बघूनच पुढे जायला हवं. मुलांचं मात्र वेगळं आहे. तिथे जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं असेल, तर आईबापांकडे कागद नसले तरी त्याला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करून घेण्याचा हक्क आहे. हे माहीत नसल्यामुळे पोरं कॉलेजला जायच्या वयापर्यंत बिनकागदाची राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. फी भरावी लागते, वर्तणूक बघतात, पण हक्क आहे.

आखाताबद्दल स्पष्टच सांगतो. सामान्य कामगाराला वर्षं मोजून नागरिकत्व मिळण्याची वाट तिथे व्यवहारात नाही. तिथे मिळते ती माफी. अमिरातीत १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षअखेरपर्यंत अशी मुदत होती. जादा मुक्कामाचा दंड माफ, बंदीचा शिक्का न घेता घरी जा, किंवा नवीन मालक शोधून तिथेच कागद नीट करून घ्या. कुवेतनेही त्याच वर्षी ३० जूनपर्यंत मुदत दिली होती. मुदत नसताना अमिरातीत जादा राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम चढत जातो. वर्षाचा हिशेब तुम्हीच करून बघा. सौदीत कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, 'पळून गेला' अशी नोंद केली, ज्याला पोरं हुरूब म्हणतात, तर घरी यायलासुद्धा अडचण होते. म्हणून आखातातल्या माणसाच्या घरच्यांनी एवढंच करावं: माफी जाहीर झाली की पहिल्या आठवड्यात त्याला दूतावासात पाठवावं. शेवटच्या आठवड्यात आउटपाससाठी, म्हणजे पासपोर्ट नसलेल्याला घरी येण्यापुरत्या मिळणाऱ्या कागदासाठी, रांगा लागतात.

युरोपातले देश या बाबतीत दार उघडतात आणि लावतात. इटलीने २०२० साली शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांसाठी दोनेक महिन्यांची खिडकी उघडली, दोन लाखांहून जास्त अर्ज आले, खिडकी बंद झाली. पोर्तुगालमध्ये आत येऊन, काम धरून, मग परवाना मागता येत असे. जून २०२४ मध्ये ते नव्या माणसांसाठी थांबवलं. 'पोर्तुगालला या, सहा महिन्यांत कागद' असं अजून कुणी सांगत असेल तर तो जुन्या पंचांगावर मुहूर्त काढतोय. स्पेनमध्ये मात्र सोय आहे. नगरपालिकेच्या रहिवासी वहीत तिथे कागद नसलेल्यालाही नाव घालता येतं, आणि काही वर्षं राहिल्याचा पुरावा देऊन परवाना मागता येतो. पूर्वी तीन वर्षं लागत, मे २०२५ पासून दोन. शहाणा माणूस तिथे पोचल्यावर पहिलं काम ते नाव घालण्याचं करतो, कारण वर्षं तिथूनच दाखवता येतात.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. खानापूर, जोयडा, कारवारकडच्या कितीतरी घरांत आजी गोव्याची असते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येण्याची वाट आहे. परदेशात कागदाविना राहणाऱ्या एखाद्या पोराची किल्ली अशी आजीच्या जन्मनोंदीत असू शकते. पण तो पासपोर्ट घेतला की त्याच क्षणी भारताचं नागरिकत्व जातं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. चार एकर शेत असलेल्या घराने हे आधी चुलीपुढे बसून बोलावं. आणि हा पासपोर्ट आता इंग्लंडला राहायला चालत नाही. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्यालाच ब्रेक्झिट म्हणतात. तिथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीय लोकांसाठी जी योजना होती, तिची मुदत ३० जून २०२१ ला संपली. आयर्लंड धरून युरोपीय संघातल्या देशांत चालतो.

वाट कुठलीही निघो, शेवटी सगळं इथल्या कागदांवर येऊन थांबतं, आणि आपले कागद म्हणजे सीमाभागाचा इतिहासच. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्यावर आडनाव आधी. जन्मदाखला कानडीत, तिथे नाव आधी. माझ्याकडे आलेल्या एका दाखल्यावर 'परशराम' होतं, कानडीतून इंग्रजी होताना त्याचं 'परशुरामा' झालं, शेवटी एक 'ए' जास्तीचा. पासपोर्टवर तिसरंच. तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. गावाचं नावही तसंच: २०१४ च्या १ नोव्हेंबरपूर्वी बेलगाम, नंतर बेळगावी. वडील १९५६ च्या आधी जन्मलेले असतील तर दाखल्यावर मुंबई राज्य. आणि चंदगडचे असतील तर जुन्या नोंदीत जिल्हा बेळगाव, आज जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. यात कुणाची लबाडी नाही, पण हे प्रतिज्ञापत्रात एकेक ओळ लिहून समजावावं लागतं.

जन्माची नोंदच झाली नसेल तर तीही उशिरा करता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. नोंद सापडत नाही असा दाखलाही मिळतो. अमेरिका तो आणि त्याच्याबरोबर शाळेचा दाखला, जवळच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं असा पुरावा विचारात घेते. तिथे कागदाची प्रत आणि भाषांतरकाराने सही करून 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे' असं लिहिलेलं पान चालतं. स्पेन-पोर्तुगालला मात्र अपोस्टिल लागतं, म्हणजे राज्याकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून खात्री करून घेतलेला कागद. उगाच सगळ्यावर अपोस्टिल मारून पैसे घालवू नका, आधी देश विचारा. आणि व्हिसा संपला म्हणून भारतीयपण संपत नाही. पासपोर्ट आपल्या दूतावासातून नवा करून घेता येतो, आणि पासपोर्ट चालू नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

मावशींच्या पिशवीत जन्मदाखला होता, शाळेचा दाखला होता, रेशन कार्ड होतं. नात येत्या दिवाळीत एकवीस वर्षांची होणार, हेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मी विचारलं, "त्याचा जुना पासपोर्ट कुठाय? २००४ चा?" त्या म्हणाल्या, तो बाद झालाय, नवा घेतल्यावर गावच्या एका माणसाबरोबर घरी पाठवलाय, ट्रंकेत आहे, कशाला लागतोय तो.

दोन दिवसांनी घेऊन आल्या. हातरुमालात बांधलेला. मी एकेक पान उलटत गेलो. अमेरिकेच्या व्हिसासमोरच्या पानावर विमानतळाचा शिक्का होता, शाई फिकट, पण तारीख वाचता येत होती. आणि त्याच पानाला स्टेपल केलेलं छोटं पांढरं कार्ड, आय-९४. २०१३ पर्यंत विमानाने येणाऱ्याला ते हातात देत. पिनेला गंज चढला होता. तो शिक्का घेऊन आत गेलाय, याचा हा पुरावा. लेक तिथेच जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक. एकवीस पूर्ण झाल्यावर ती बापासाठी अर्ज करू शकते, आणि बापाला त्यासाठी देश सोडावा लागत नाही. मुलगी शिकत असेल, कमाई नसेल, तर खर्चाची हमी द्यायला कमाई असलेला दुसरा माणूस जोडावा लागतो, हेही मी कागदावर लिहून दिलं.

"मग आता येईल का ओ तो?"

"आता नाही, मावशी. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत येऊ नको म्हणायचं. सणाला नाही, कुणी आजारी पडलं तरी नाही."

त्यांनी मान हलवली. प्रत्येक पानाच्या दोन-दोन झेरॉक्स काढून घेतल्या, मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवायला लावले. मूळ पासपोर्ट मुलाखतीच्या वेळी लागेल, पोस्टाने पाठवू नका, असं सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा हातरुमालात बांधला आणि तिकडे जाणारं गावात कोण कोण आहे, ते आठवायला लागल्या. मास्तरांची सून जाणार आहे म्हणे. तिच्याकडे आजच जाते, म्हणाल्या.